मोत्याचा डूल घातलेली मुलगी: व्हर्मीरची प्रतिकृती करत तैलरंगात चेहरा शिकताना

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं तर समोर माणूस बसवावा, हे खरंच आहे. पण माणूस हलतो, उजेड सरकतो आणि नवशिक्यापुढे एकदम तीन प्रश्न उभे राहतात: काय दिसतंय, त्यातलं काय घ्यायचं, आणि घेतलेलं रंगात कसं उतरवायचं. जुन्या चित्राची प्रतिकृती करताना पहिले दोन प्रश्न एका मोठ्या चित्रकाराने आधीच सोडवलेले असतात. आपण सगळं बळ तिसऱ्यावर लावू शकतो.

या लेखासाठी निवडलेलं चित्र म्हणजे डेल्फ्ट गावच्या योहानेस व्हर्मीरने सुमारे १६६५ मध्ये रंगवलेली मोत्याचा डूल घातलेली मुलगी. मूळ चित्र नेदरलँड्समधल्या द हेग शहरात, मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. माप ४४.५ × ३९ सेंटिमीटर, म्हणजे चेहरा खऱ्या चेहऱ्यापेक्षा थोडा लहान. १८८१ मध्ये हे चित्र लिलावात अवघ्या दोन गिल्डर तीस सेंटला गेलं होतं. खरेदीदाराने मृत्युपत्रात ते संग्रहालयाला देऊन टाकलं.

शिकणाऱ्यासाठी हे चित्र निवडण्याची कारणं साधी आहेत. उजेड एकाच बाजूने, डावीकडून येतो. मागे दागदागिने, खुर्च्या, खिडक्या काही नाही. रंग मोजके आहेत. शिवाय २०१८ मध्ये संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी हे चित्र क्ष-किरण, अवरक्त छायाचित्रण आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, त्यामुळे कोणता थर कधी आला आणि त्यात कोणता रंग होता हे बऱ्यापैकी माहीत आहे. त्यातली आपल्या कामाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे क्रम. व्हर्मीर मागून पुढे आला: आधी तपकिरी-काळ्या रंगातला कच्चा आराखडा, मग पार्श्वभूमी, मग चेहरा, मग पिवळं जाकीट, पांढरी कॉलर, डोक्याचं फडकं आणि शेवटी मोती. आपणही याच क्रमाने जाणार आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. या चित्रात चेहऱ्याला जवळजवळ रेषाच नाही. नाकाच्या दांड्याची डावी कड शोधायला गेलात तर सापडत नाही. उजेडातलं नाक आणि त्यामागचा उजेडातला गाल एकाच रंगाचे आहेत, मधली सीमा चित्रकाराने सोडून दिली आहे आणि ती आपला डोळा भरून काढतो. हे हाताने एकदा करून पाहिलं तर व्यक्तिचित्राबद्दल जे कळतं ते दहा व्याख्यानांत कळत नाही. म्हणून प्रतिकृती किती हुबेहूब झाली याची फार काळजी करू नका. कडा कुठे ठेवल्या आणि कुठे हरवल्या, याची करा.

मूळ प्रतिमा, माप आणि प्रामाणिकपणा

मॉरित्सहाउसच्या संकेतस्थळावरून चित्राची मोठी प्रतिमा उतरवून घेता येते. ती मूळ मापात, ४४.५ × ३९ सेंटिमीटर, ए-२ कागदावर छापा. कागद ४२ × ५९.४ सेंटिमीटरचा असल्याने चित्र व्यवस्थित बसतं. छपाई मॅट कागदावर करा, चकचकीत कागदावर काळे भाग झळाळतात आणि छटा ओळखता येत नाहीत. छापील प्रत रेखाटनासाठी आणि मोजमापासाठी वापरा, रंगासाठी पडद्यावरची प्रतिमा जवळ ठेवा. दोन्हींचे रंग जुळणार नाहीत. छपाईत निळा बहुधा जांभळट होतो आणि सावल्या एकमेकींत मिसळून सपाट काळ्या होतात.

प्रतिकृती मूळ मापात करू नका. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात चित्रांसमोर बसून नक्कल करणाऱ्यांना परवाना मिळतो, पण प्रत मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी असावी लागते, म्हणजे ती कधी अस्सल म्हणून खपवली जाऊ नये. ही चांगली शिस्त आहे. आपण सव्वापट मोठी करू: ५५.६ × ४८.८ सेंटिमीटर. बाजारात सहज मिळणाऱ्या २४ × २० इंची कॅनव्हासवर ती मावते. दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर आणि वर-खाली पावणेतीनच्या आसपास जागा उरते. वर डाव्या कोपऱ्यात व्हर्मीरची सही आहे, ती मात्र उतरवू नका.

सामान

कॅनव्हास तयार प्रायमर लावलेला चालेल, पण त्यावर जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन पातळ हात द्या. पहिला हात आडवा, दुसरा उभा. प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून घ्या. बाजारू कॅनव्हासची वीण जाड असते आणि या मुलीच्या गालावर ती खरबरीत दिसते.

रंग नऊ पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो लाइट, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिन क्रिमझनचा टिकाऊ प्रकार, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, आयव्हरी ब्लॅक. पार्श्वभूमीसाठी प्रशियन ब्लू आणि एखादा पारदर्शक पिवळा मिळाला तर उत्तम. कंपनी कोणतीही घ्या, पण नळीवर आर्टिस्ट दर्जा लिहिलेला असावा. विद्यार्थी दर्जाच्या रंगात भरताड जास्त असतं, त्यामुळे पातळ पारदर्शक थर देताना ते दुधाळ दिसतात. पैसे वाचवायचेच असतील तर अंबर आणि ऑकर स्वस्तातले घ्या, निळा आणि लाल मात्र चांगलेच घ्या.

व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता. तो विषारी आहे, घरात नको. पण टायटॅनियम आणि शिशाचा पांढरा यांत मोठा फरक आहे हे लक्षात ठेवा. टायटॅनियम थंड, फार झाकणारा आणि मिश्रणावर दांडगाई करणारा आहे. जुन्या पुस्तकांतली प्रमाणं जशीच्या तशी घेतली तर चेहरा खडूसारखा होतो. म्हणून पांढऱ्याच्या ढिगात आधीच वाटाण्याला मोहरीच्या दाण्याएवढा ऑकर मिसळून ठेवा आणि तोच पांढरा म्हणून वापरा. कोरा पांढरा फक्त कॉलर, मोती आणि डोळ्यांतल्या ठिपक्यांसाठी राखून ठेवा.

व्हर्मीरचा निळा अफगाणिस्तानातल्या खाणींतल्या लाजवर्द दगडाचा होता आणि त्या काळी तो भयंकर महाग होता. कृत्रिम अल्ट्रामरीन रासायनिकदृष्ट्या त्याच्या अगदी जवळचा आहे, तेव्हा इथे आपलं काही बिघडत नाही.

ब्रश: राठ केसांचे, टोकाला गोलसर असलेले चपटे ४, ६ आणि ८ नंबर. मऊ कृत्रिम केसांचे गोल ०, २ आणि ४. शिवाय एक मऊ, कोरडा, रुंद ब्रश फक्त कडा विरघळवण्यासाठी, त्याला रंग कधीच लावायचा नाही. मेकअपचा नवा पावडर ब्रश या कामाला चांगला चालतो.

तेल: कलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं जवसाचं तेल. विदर्भात ज्याची चटणी करतात तेच हे जवस, पण घाण्यावरचं खाण्याचं तेल वापरू नका. ते हळू वाळतं आणि लवकर पिवळं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं तेलही नको. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल तर मुळीच नको, ती कधी नीट वाळतच नाहीत. पातळ करायला कलेच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या. रॉकेल त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते उडून जाताना मागे तेलकट अंश सोडतं.

आता एक सूचना, जी सामानाच्या यादीत दडून राहू नये. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. चिंध्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, किंवा दोरीवर एकेक मोकळी पसरून पूर्ण कडक होऊ द्या. टर्पेंटाइनची बाटली बंद ठेवा आणि खिडक्या उघड्या.

कॅनव्हासला रंगाचा पाया

पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक रंग काळा वाटतो, त्यामुळे नवशिका सगळंच फिकं रंगवतो. म्हणून आधी रॉ अंबर आणि किंचित पांढरा टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे चोळा आणि दहा मिनिटांनी चिंधीने पुसून घ्या. उरलेला रंग दुधाच्या चहापेक्षा किंचित फिका असावा. यात तेल घालू नका. दोन दिवसांत हाताला कोरडं लागलं की पुढे चला.

रेखाटन

छापील प्रतीवर डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ५ सेंटिमीटरचे चौकोन आखा. कॅनव्हासवर चित्राची चौकट आखून त्यात ६.२५ सेंटिमीटरचे चौकोन. चेहऱ्याच्या भागात चौकोन पुन्हा निम्मे करा: छापील प्रतीवर अडीच, कॅनव्हासवर ३.१ सेंटिमीटर. काहीजण कार्बन कागद लावून छापा उतरवतात. त्याने वेळ वाचतो, पण डोळ्याला मोजायची सवय लागत नाही. हा अभ्यास आहे, म्हणून चौकोनच बरे.

रेखाटन कोळशाच्या कांडीने करा. शिसपेन्सिलीच्या रेघा पातळ रंगातून वर दिसत राहतात, तिचा मोह टाळा. आधी मोठे आकार घ्या: फडक्याची बाहेरची कड, चेहऱ्याचा अंडाकार, मानेचा झुकाव, खांद्याचा त्रिकोण. मग डोळ्यांची ओळ. ती आडवी नाही, डोकं थोडं कललेलं आहे. डोळे, नाकाची खालची बाजू आणि ओठ यांच्या तिन्ही ओळी एकमेकींना समांतर कललेल्या हव्यात. नव्याने शिकणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक इथे होते. डोळे कलते आणि ओठ सरळ काढले जातात, मग मुलीचा जबडा सरकल्यासारखा दिसतो.

पलीकडचा डोळा, म्हणजे आपल्या डावीकडचा, जवळच्या डोळ्यापेक्षा अरुंद आहे. तो पुरा काढायचा मोह होतो. मोजा आणि मोजलेलंच ठेवा.

रेखाटन झाल्यावर चित्र आरशात बघा, चुका लगेच उघड्या पडतात. मग कोळसा फडक्याने झटकून टाका आणि जी पुसट खूण उरेल ती पातळ केलेल्या रॉ अंबरने बारीक ब्रशने पक्की करा. व्हर्मीरनेही रंगवता रंगवता कानाची जागा, फडक्याचा वरचा भाग आणि मानेची मागची कड बदलली होती, तेव्हा नंतर दुरुस्ती करावी लागली तर बिचकू नका.

तपकिरी थर: सगळा उजेड इथेच ठरतो

आता रॉ अंबर आणि थोडा काळा, टर्पेंटाइनमध्ये पातळ. सावल्या भरा: पार्श्वभूमी, फडक्याची उजवी बाजू, गालाचा कानाकडचा भाग, मान, नाकाची जवळची बाजू, जाकिटातल्या खोल चुण्या. उजेडाचा भाग रंगवू नका, पायाचा रंग तसाच दिसू द्या. फार गडद झालं तर चिंधीने पुसून उजेड बाहेर काढा.

या टप्प्यावर फक्त पाच पायऱ्या ठेवा. एका पुठ्ठ्यावर पांढऱ्यापासून काळपट तपकिरीपर्यंत पाच पट्ट्या रंगवून त्यांना १ ते ५ क्रमांक द्या. डोळे बारीक करून चित्राकडे पाहा आणि प्रत्येक जागेला क्रमांक द्या. पार्श्वभूमी ५. कपाळाचा उजेड २. गालाची सावली ४. कॉलर आणि मोत्यावरचा ठिपका १. आश्चर्य वाटेल, पण चेहऱ्यावर १ कुठेच नाही. चेहरा उजळ वाटतो तो पार्श्वभूमी काळी असल्यामुळे. कपाळ १ केलं की पुढे कॉलरला आणि मोत्याला चमकायला जागाच उरत नाही. मोबाइलवर आपल्या कामाचा आणि मूळ चित्राचा कृष्णधवल फोटो शेजारी ठेवून तपासा. या थरात दहा वेळा तपासलं तरी ते कमीच आहे, कारण पुढे रंगाच्या चुका सुधारतात, उजेडाच्या सुधारत नाहीत.

अंबरात मँगनीज असतं आणि ते तेल लवकर वाळवतं, म्हणून हा थर दोन-तीन दिवसांत कोरडा होतो. काळा जास्त घातला असेल तर आठवडाभर लागेल, कारण आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे सगळे दिवस दीडपट धरा.

तेलाचं गणित

पुढच्या प्रत्येक थरात तेल आधीच्या थरापेक्षा जास्त हवं. कारण असं की तेलकट थर बाहेरून वाळला तरी आत बराच काळ हलत असतो. त्याच्यावर कमी तेलाचा, पटकन कडक होणारा थर बसला तर खालचा हलतो आणि वरचा फाटतो. तपकिरी थरात नुसतं टर्पेंटाइन. त्वचेच्या पहिल्या थरात नळीतला रंग तसाच, फार तर तीन भाग टर्पेंटाइनला एक भाग तेल. दुसऱ्या थरात दोन्ही सारखे. शेवटच्या पारदर्शक थरात दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. त्याहून जास्त तेल घालू नका, चित्र चिकट राहतं, त्यावर सुरकुत्या पडतात आणि ते पिवळं होतं.

पार्श्वभूमी

आज पार्श्वभूमी काळी दिसते, पण व्हर्मीरने काळ्या थरावर नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा रंग मिसळून हिरवा पारदर्शक थर दिला होता. २०१८ च्या तपासणीत तिथे हिरव्या पडद्याच्या चुण्याही आढळल्या. तो हिरवा काळाबरोबर उडाला. तुम्ही आजचं चित्र उतरवायचं की मूळचं, हे ठरवा. आमच्या मते आजचंच उतरवावं, पण पद्धत मूळची ठेवावी: आधी आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट अंबरचा पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर प्रशियन ब्लू आणि पारदर्शक पिवळ्याचा अगदी पातळ हिरवट थर. नुसता काळा रंग मेलेला दिसतो. हिरवट थराखालच्या काळ्याला खोली येते आणि त्याच्यासमोर त्वचा आणखी उबदार वाटते.

पार्श्वभूमी चेहऱ्याच्या कडेवर थोडी चढू द्या, बरोबर कडेला थांबू नका. कड नंतर चेहऱ्याच्या रंगाने परत मिळवायची असते.

चेहरा

इथे घाई करू नका. चेहऱ्याला तीन बैठका लागतील, प्रत्येकी दोन-तीन तासांच्या.

बसण्याआधी पॅलेटवर पाच ढीग करा, प्रत्येकी सुपारीएवढा. वर सांगितलेला ऑकर मिसळलेला पांढरा म्हणजे पांढरा.

पहिला, उजेडाचा: पांढरा ६ भाग, ऑकर १ भाग, कॅडमियम रेड मोहरीच्या दाण्याएवढा.

दुसरा, गालाचा: पांढरा ४, ऑकर १, रेड पाव भाग, रॉ अंबर चिमूटभर.

तिसरा, उजेड-सावलीच्या मधला: दुसऱ्या ढिगातला निम्मा घेऊन त्यात रॉ अंबर अर्धा भाग आणि अल्ट्रामरीनचा टोकावर मावेल एवढा ठिपका. हा ढीग पॅलेटवर मळकट आणि हिरवट दिसेल. घाबरू नका, चेहऱ्यावर गुलाबी रंगाशेजारी बसला की तो बरोबर होतो.

चौथा, सावलीचा: बर्न्ट अंबर २, ऑकर १, पांढरा अर्धा, अलिझरिन पाव.

पाचवा, खोल सावलीचा: बर्न्ट अंबर, अलिझरिन आणि अल्ट्रामरीन. यात पांढरा अजिबात नाही. सावलीत पांढरा गेला की ती धुरकट होते. चेहरा पीठ लावल्यासारखा दिसतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पहिल्या बैठकीत राठ ब्रशने हे पाच ढीग आपापल्या जागी, शेजारी शेजारी ठेवा. मिसळू नका. फरशीचे तुकडे बसवल्यासारखं दिसेल, दिसू द्या. सावल्या पातळ, उजेड जाड. जुन्या चित्रांत हे नेहमी आढळतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. तिथे एखाद्या चित्रासमोर उभं न राहता बाजूने, उजेड घसरता ठेवून बघा. उजेडातला रंग उठलेला दिसतो आणि सावलीत कॅनव्हासची वीण. पणजीत फुंदासाओ ओरिएंते या पोर्तुगीज संस्थेकडे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. गोव्यातून येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या या चित्रकाराला पूर्वेचा रेम्ब्राँ म्हणत. सावलीतून चेहरा कसा बाहेर काढायचा, याचा आपल्याकडचा उत्तम धडा म्हणजे त्यांची चित्रं.

सगळे तुकडे बसले, की ओले असतानाच शेजारच्या दोन तुकड्यांच्या सीमेवर कोरडा मऊ ब्रश अगदी हलका फिरवा. प्रत्येक दोन-तीन फिरवण्यांनंतर तो चिंधीला पुसा. सगळ्याच सीमा विरघळवू नका. चेहरा साबणासारखा गुळगुळीत होतो, तो याच अतिरेकामुळे. या चित्रात कुठली कड कशी आहे ते बघा:

नाकाची डावी कड आणि पलीकडचा गाल: पूर्ण हरवलेली. दोन्हीकडे पहिलाच ढीग वापरा आणि मधे काहीही करू नका. नाक सपाट वाटतंय म्हणून तिथे रेघ ओढावीशी वाटेल. ती ओढू नका. नाकपुडीची सावली आणि नाकाची जवळची बाजू नीट बसली की नाक आपोआप पुढे येतं.

पलीकडच्या गालाची बाहेरची कड, पार्श्वभूमीशी: बऱ्यापैकी स्पष्ट, पण कापलेली नाही. एका ठिकाणी स्पष्ट, दुसऱ्या ठिकाणी किंचित मऊ.

जवळच्या गालावर उजेड संपतो ती सीमा: फार रुंद आणि मऊ. तिसरा ढीग मुख्यतः इथे लागतो.

जबडा आणि मान: जवळजवळ एक. मानेची सावली चौथ्या ढिगाने गालाच्या सावलीत मिसळून टाका.

दुसरी बैठक आठवड्याने, थर हाताला कोरडा झाल्यावर. आधी चित्रावर काही भाग मंद, काही चमकदार दिसतील. मंद भागातलं तेल खालच्या थराने शोषलेलं असतं आणि तिथले रंग खरे दिसत नाहीत. तेलाचा एक थेंब स्वच्छ चिंधीवर घेऊन त्या जागी अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं लगेच पुसून टाका, म्हणजे खरा रंग परत दिसेल आणि त्याला जुळवून पुढे रंगवता येईल. ही पायरी गाळली तर नवा रंग जुन्याशी जुळत नाही आणि का जुळत नाही ते कळत नाही.

या बैठकीत डोळे आणि ओठ. डोळ्याचं पांढरं हे पांढरं नसतं. दुसऱ्या ढिगात किंचित काळा आणि अल्ट्रामरीन घालून राखी करा, सावलीकडे आणखी गडद. बुबुळाची वरची कड पापणीच्या सावलीत मऊ ठेवा. बुबुळाभोवती काळी रिंग काढली की नजर बाहुलीसारखी होते. पापण्यांचे केस जवळजवळ दिसत नाहीत. व्हर्मीरने ते काढले होते हे तपासणीत दिसलं, पण साध्या नजरेला आता ते जाणवत नाहीत. एकेक केस काढू नका, वरच्या पापणीला फक्त पाचव्या ढिगाची मऊ कड द्या.

ओठ आधी कॅडमियम रेड, ऑकर आणि पांढरा यांच्या फिक्या मिश्रणाने. वरचा ओठ सावलीत असल्याने खालच्यापेक्षा गडद. मधली फट काळी नाही, बर्न्ट अंबर आणि अलिझरिन. ओठांची बाहेरची कड त्वचेत विरघळवा. लिपस्टिक लावल्यासारखे ओठ दिसत असतील तर कड फार नेमकी झाली आहे.

तिसरी बैठक आणखी आठवड्याने: पारदर्शक थर. तेल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणात अलिझरिनचा जरासा अंश घेऊन ओठांवर आणि गालावर बोटाने पातळ चोळा. मूळ चित्रातही हिंगुळाच्या लालावर लाखेसारखा पारदर्शक लाल आहे. तो मेक्सिको किंवा दक्षिण अमेरिकेतल्या कोचिनील किड्यांपासून काढलेला. मग सावलीवर बर्न्ट अंबरचा पातळ थर. जास्त झालं तर दहा मिनिटांत चिंधीने पुसता येतं, म्हणून एकेक जागा घ्या.

जाकीट, कॉलर, फडकं

जाकिटावर फार वेळ घालवू नका. ऑकर आणि रॉ अंबर, उजेडात थोडा पांढरा, चुण्यांत रॉ अंबरमध्ये किंचित काळा. मोठ्या ब्रशने, मोजक्या फटकाऱ्यांत. चेहऱ्याइतकं घोटलेलं जाकीट चेहऱ्याशी भांडतं. कॉलर वाटते तितकी पांढरी नाही. बहुतेक भाग राखी, फक्त मधल्या पट्टीवर जाड पांढरा.

फडक्याच्या निळ्याला तीन ढीग लागतात: अल्ट्रामरीन १ भाग आणि पांढरा ३ भाग, दोन्ही सारखे, आणि नुसता अल्ट्रामरीन. गडद बाजूला काळा घालू नका, बर्न्ट अंबरचा ठिपका घाला. पहिला थर वाळल्यावर सगळ्या निळ्यावर अल्ट्रामरीनचा पातळ पारदर्शक थर द्या. निळ्याची खरी खोली या दुसऱ्या थरातूनच येते. मागे लोंबणाऱ्या पिवळ्या कापडासाठी ऑकर, कॅडमियम यलो आणि पांढरा. जुन्या चित्रकारांकडे शिसं-कथिलाचा पिवळा होता, तो कॅडमियमपेक्षा थंड आणि सौम्य. म्हणून कॅडमियम एकटा वापरला तर कापड झेंडूसारखं भडक होतं.

मोती

मोत्याला गोल काढू नका. मूळ चित्रात गोल कड नाही आणि तपासणीत हुक किंवा कडीही सापडली नाही. मानेची सावली आणि पार्श्वभूमी यांच्यावरच तो बसला आहे. खालच्या भागात पांढऱ्या कॉलरचं प्रतिबिंब: पांढऱ्यात किंचित काळा मिसळून पातळ, अर्धपारदर्शक पट्टा, कडेला विरत जाणारा. वर डावीकडे उजेडाचा ठिपका: ब्रशच्या टोकावर कोरा पांढरा जाड घेऊन एकदाच टेकवायचा, वरचा भाग जाड, खालचा बोथट. मधला भाग तसाच सोडा. हात स्थिर नसेल तर आधी कागदावर पंचवीस-तीस ठिपके टाकून बघा आणि पॅलेटवरच्या पांढऱ्यात तेल नको, नाही तर तो पसरतो.

मग डोळ्यांतले दोन ठिपके आणि खालच्या ओठावरचा ओलसर उजेड. ओठांच्या कोपऱ्यात एक अगदी बारीक गुलाबी ठिपका आहे. १९९४ मध्ये चित्र स्वच्छ केल्यावर तो पुन्हा दिसू लागला. तो टाका. ओठ त्यामुळे ओले आणि किंचित उघडे वाटतात.

वाळवणं आणि राखणं

हाताला कोरडं झालेलं चित्र आतून कोरडं नसतं. सहा महिने ते एक वर्ष वार्निश लावू नका. या काळात ते कपाटात किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. असं झालं तर काही दिवस खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल अशा उजेडात ठेवा, बराचसा पिवळेपणा जातो. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून टांगू नका. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागे हवा खेळती राहील, नाही तर कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते.

पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा: व्हर्मीरच्या चित्रावरून, अभ्यासासाठी, तुमचं नाव, वर्ष, वापरलेले रंग आणि प्रत्येक थराची तारीख. वार्निश कधी लावायचं ते त्या तारखांवरूनच कळेल. पुढच्या प्रतिकृतीत एखाद्या जागी तडा का गेला किंवा सावली धुरकट का झाली, तेही याच नोंदींवरून शोधता येईल.